नळीवरची तीन बोटं

"हाताचं मीठ काचेला द्यायचं नाही, कल्पनाताई. आज बोट लावाल, तर आज ती काही बोलणार नाही. भट्टीत गेली की मात्र सगळ्यांसमोर सांगेल."

मारुतरावांनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. ते सैन्याच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, सांगलीकडचे. फरीदाबादच्या आमच्या कारखान्यात ते क्वार्ट्झच्या काचेचं काम करायचे. ज्योतीवर नळ्या जोडणं, तोंडाला कडा काढणं, तडा गेलेली नळी पुन्हा सांधणं. आणि मी त्या नळ्या धुवायचे. अजूनही तेच करते.

आमच्याकडे सेन्सर बनतात. त्यासाठी सिलिकॉनच्या पातळ चकत्या अकराशे डिग्रीला भाजाव्या लागतात, आणि त्या ठेवायच्या क्वार्ट्झच्या नळीत. इतक्या उष्णतेत घरातली काच गुळाच्या पाकासारखी ओघळेल. क्वार्ट्झ ताठ राहते. पण तिचं एका मिठाशी वैर आहे. घामाचा एवढासा ठसा अंगावर राहिला आणि ती तशीच तापली, तर त्या जागी काचेत बारीक स्फटिक धरायला लागतात. काच दुधासारखी पांढरी होते. गरम असेपर्यंत निभतं. थंड व्हायला लागली, की तो पांढरा भाग वेगळा आकसतो, बाकीची नळी वेगळी, आणि तडकते.

म्हणून धुण्याचा क्रम ठरलेला. साबणाचं पाणी, मग शुद्ध पाणी, मग थोडा वेळ आम्लात, मग पुन्हा तीनदा शुद्ध पाणी. सुकली की अल्कोहोलनं ओलावलेलं, धागे न सोडणारं कापड एकाच दिशेनं फिरवायचं. त्यानंतर तिला हात लावायचा तो फक्त स्वच्छ मोज्यांनी, आणि त्या मोज्यांनी मधेच कपाळाचा घाम पुसलेला किंवा मोबाइल उचललेला चालत नाही.

"हे तर सोवळंच झालं," मी तेव्हा म्हणाले होते.

"तुमच्या सोवळ्यात कोण कोणाला जपतं ते मला ठाऊक नाही," मारुतराव म्हणाले. "इथं काचेला आपल्यापासून जपायचं."

मला ते काम आवडलं ते त्यामुळेच असेल. माझे रोजचे नेम आहेत. पहाटे स्नान, तुळशीला पाणी, पूजा, एक माळ जप, आणि ते सगळं होईपर्यंत मौन. घरात आता कोणी सकाळी मला काही विचारतही नाही. पद्माकर, माझे मिस्टर, चहाचा कप दाखवून खूण करतात आणि मी मान हलवते. अशी सवय असलेल्या बाईला तीनदा धुण्याचा कंटाळा येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मारुतरावांचा हात थरथरायला लागला. आधी मोतीबिंदू झाला होताच. काम सोडून गावी जाण्याआधी त्यांनी भट्टीसाठी एक मोठी नळी तयार केली, माझ्या पसरलेल्या दोन्ही हातांच्या वावेएवढी लांब, एका टोकाला रुंद तोंड जोडलेली. ती जोडणी इतकी साफ होती की दिव्याकडे धरली तरी सांधा दिसत नव्हता. तसली जोडणी करणारं आता आमच्याकडे कोणी नाही.

"ही शेवटची," ते म्हणाले. "हिला कोणाचं उघडं बोट लागू देऊ नका."

"नाही लागू देणार," मी म्हणाले.

ते बोट माझंच असेल, असं तेव्हा दोघांच्याही मनात आलं नाही.

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात अवजारांची पूजा होते. ही प्रथा मारुतरावांनीच पाडली. इथली बाकीची मंडळी सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा करतात, त्यामुळे भट्टीवरचा रामवीर दर वर्षी तोच विनोद करतो. "दीदी, विश्वकर्माजी हमारे, नवमी आपकी. मशीन को दो-दो छुट्टी, और हमको एक भी नहीं."

या वर्षी मारुतराव नव्हते, म्हणून नेहमीच्याच जागी, क्लीन रूममध्ये, पाट मी मांडला. त्यांचा बर्नर, चिमटे, मोजपट्ट्या. शेजारच्या स्टँडवर ती नळी होती. त्याच सकाळी मी तिला धुऊन, पुसून, प्लास्टिकच्या आवरणात ठेवलं होतं. दसऱ्यानंतर ती भट्टीत चढायची होती. पूजेपुरतं आवरण मागे सारलं, कारण देवासमोर झाकलेली वस्तू कशी ठेवायची. हळदकुंकू लावायचं म्हणून मोजे काढले. रबराच्या बोटांनी कुंकू लावणं मला कधी जमलं नाही. बर्नरला लावलं, चिमट्यांना लावलं. नळीला लावायचं नाही एवढं भान होतं. लावलं नाही. पण तिला तसंच कोरडं ठेवून पुढे जाववेना. मारुतरावांची शेवटची होती ती. माझा उजवा हात पुढे गेला, बोटं नळीच्या रुंद तोंडाजवळ टेकली, आणि मी ती डोळ्यांना लावली.

पुस्तकाला पाय लागला की आपण विचार करून हात लावतो का? तसंच झालं.

लगेच लक्षात आलं. म्हटलं, आरती झाली की अल्कोहोल घेऊन पुसू. तेवढ्यात रामवीरनं घंटा हातात दिली. मग आरती, मग प्रसाद, मग पेढे कमी पडले म्हणून कोणाला तरी पाठवणं. आवरण परत कोणी ओढलं ते मला आठवतही नाही. तिसऱ्या दिवशी स्वप्नालीनं मोजे घालून, सगळे नियम पाळून, नळी भट्टीत चढवली.

स्वप्नाली आमच्याकडे एप्रिलपासून आहे. कराडकडची. तिचा नवरा यशराज फौजेत, सध्या वर बर्फात. ती सासूबरोबर, ठकूबाईंबरोबर, बल्लभगढला दोन खोल्यांत राहते; त्यांना ती आत्या म्हणते. ठकूबाईंनी सरळ सांगितलेलं होतं, नोकरी कायम झाली तर इथे राहू, नाही तर दिवाळीनंतर गावी. कायम होण्याचं पत्र दिवाळीनंतर मिळायचं होतं. आमच्या कारखान्यातल्या सगळ्यांना ही तारीख पाठ होती, कारण ती दिवसातून दोनदा सांगायची.

नळी चढून अकरा दिवस झाले असतील. एक बॅच काढून दुसरी भरण्याआधी सिद्धांत टोकाकडून दिवा मारून आत बघत होता. सिद्धांत आमचा इंजिनीअर. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेला, त्यामुळे मराठी बोलतो, पण तिच्यात हिंदी आणि ऑफिस दोन्ही मिसळलेलं असतं.

"ये क्या है यार," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "स्वप्नाली, जरा इकडे या."

रुंद तोंडापासून थोडं पुढे, जिथे भट्टीची पूर्ण आंच पोहोचायला सुरुवात होते, तिथे पांढरं उमटलं होतं. धुक्यासारखं. शेजारी शेजारी तीन लांबट डाग.

"लोडिंग तुम्ही केलं होतं ना?"

"व्हय सर. मोजे घातले होते. नवे काढले होते पाकिटातनं."

"मध्ये फोन? चेहऱ्याला हात?"

"नाही सर."

"मग हे फिंगरप्रिंट्स कुठून आले?"

ती माझ्याकडे बघायला लागली. तिला माझ्याकडून साक्ष हवी होती, की काकू, तुम्ही तर होता, मी मोजे घातलेले तुम्ही पाहिलेत. मी पाहिलेही होते. पण मी त्या तीन डागांकडे बघत होते. मधलं बोट थोडं वर, अनामिका थोडी वाकडी. माझी अनामिका लहानपणी दारात चेमटली होती.

मी काही बोलले नाही.

सिद्धांतनं वहीत लिहिलं, 'हाताळणीत चूक, चढवणारी व्यक्ती: स्वप्नाली.' स्वप्नाली बाथरूममध्ये जाऊन आली तेव्हा तिचे डोळे धुतलेले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे जपाला बसले. माळ फिरत होती, पण मोजणी राहिना. मौन तर मी रोज धरते. त्या सकाळी ते सुटण्याची वेळ आली तरी मला बोलावंसं वाटेना, आणि तेव्हा कळलं की हे नेमाचं मौन नाही, हे कालचंच पुढे चाललंय. पद्माकरांनी चहाची खूण केली. मी म्हणाले, "मला आज लवकर जायचंय."

कारखान्यात आधी स्वप्नालीच भेटली, मोज्यांच्या कपाटापाशी. सिद्धांतकडे जाण्याआधी तिला सांगणं भाग होतं. उभ्या उभ्या सांगितलं. पूजा, मोजे, हात, आरती, पेढे.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काल का नाही बोललात?"

"घाबरले."

"तुम्ही?" ती हसली, पण ते हसणं माझ्यासाठी नव्हतं. "नवं माणूस आलं की सर म्हणतात, काकूंचे हात बघा. मी पण बघत होते. सहा महिने तुमचे हात बघून शिकले. रात्री आत्यांना सांगितलं, म्हटलं मीच कुठंतरी चुकले असणार, काकू होत्या तिथं, त्या काही बोलल्या नाहीत म्हणजे माझंच चुकलं."

मी कपाटाचं दार लावलं. "चल," म्हणाले, "सिद्धांतसाहेबांकडे जाऊ."

सिद्धांतनं सगळं ऐकलं आणि खुर्चीत मागे टेकला. "काकू, तुम्ही? अकरा साल में..." त्यानं वही पुढे ओढली. "बघा, मला राग आला तरी मी काय करणार. पण पूजा क्लीन रूममध्ये का?"

"दर वर्षी तिथेच होते."

"दर वर्षी मारुतकाका होते. ते पूजेआधी नळ्या स्टोअरमध्ये ठेवायचे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. इतकी वर्षं मी समोर बसून आरती म्हणत होते, आणि नळ्या तिथे नाहीत हे मी कधी बघितलंच नव्हतं.

त्यानं वहीतली ओळ खोडली आणि माझं नाव लिहिलं. लिहिताना त्याला संकोच झाला, मला झाला नाही. पण मग त्यानं पेन खाली ठेवलं. "एक गोष्ट आहे. वहीत नाव बदललं म्हणून काम झालं असं नाही. नळी आत्ता गरम आहे म्हणून टिकली आहे. ऑर्डरच्या अजून दोन बॅच आहेत. दुसरी एवढी नळी आपल्याकडे नाही. मधेच फुटली तर वर कोणी वही वाचत बसणार नाही. लोडिंग कोणी केलं विचारतील, आणि प्रोबेशनवर कोण आहे विचारतील. मी सांगेन, बिल्कुल सांगेन. ऐकतील का, माहीत नाही."

"आणि टिकली तर?" स्वप्नालीनं विचारलं.

"टिकली तर विषयच नाही. तुमचं पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये टाइप करून ठेवलेलं आहे."

त्या दुपारी मी मारुतरावांना फोन लावला. मागे कुठेतरी कोंबड्या ओरडत होत्या. मी सांगत गेले, ते "हं, हं" करत राहिले.

"कुंकू लावलंत?"

"नाही. नुसता हात."

"हळद होती हाताला?"

"होती. आणि घाम. गर्दी होती खोलीत."

"म्हणजे बैजवार, सगळं यथासांग केलंत." मग म्हणाले, "मी तुम्हाला कारण सांगितलं होतं, पण नळ्या स्टोअरमध्ये नेतो ते सांगितलं नव्हतं. वाटलं, बघतच असतील. माणूस बघत नाही."

"मी तुम्हाला शब्द दिला होता."

"दिला होता. आता तो घेऊन बसू नका, काम ऐका. डाग पडला म्हणजे नळी गेली असं नसतं. थंडीनं जाते ती. तिला सहाशेच्या खाली आणायचीच नाही. तडा खरं तर बराच खाली जातो, तीनशेच्या आत. पण वर हात राखून राहा. बॅच नसली तरी सहाशेवर धरून ठेवायची. आणि बाहेर काढायची वेळ येईल तेव्हा ती फुटणारच, तेव्हा रडायचं नाही. तोवर तिच्याकडून काम होऊ दे."

"मधे दिवाळी येतेय. दोन दिवस बंद असतं."

"मग तुम्ही घरी नवरात्रात दिवा ठेवता ना नऊ दिवस? तो कोण बघतं?"

"मीच."

"झालं तर," म्हणाले, आणि कोंबड्यांवर ओरडायला गेले.

मी सिद्धांतला सांगितलं तेव्हा सहाशेचा आकडा त्याला आधीच माहीत होता. अखंड दिव्याचं मात्र समजावून सांगावं लागलं. "म्हणजे नऊ दिवस एक लॅम्प बंदच करत नाहीत? आणि तेल?"

"संपायच्या आत घालायचं. वात पुढे सारायची. घरातलं एक माणूस सतत घरात."

"अच्छा," तो म्हणाला. त्याला पटल्यासारखं वाटलं. "इथे वात म्हणजे जनरेटर. लाईट गेली की तो आपोआप सुरू होतो, पण भट्टीचा कंट्रोलर कधी कधी ट्रिप होतो. कोणीतरी बटन दाबून परत चालू करायला हवं. वीस मिनिटांत. दिवाळीत या सेक्टरमध्ये लाईट किती वेळा जाईल सांगता येत नाही."

पाळ्या लागल्या. लक्ष्मीपूजनाचा दिवस रामवीरनं घेतला, कारण संध्याकाळी सातला सुटून त्याला घरच्या पूजेला पोहोचायचं होतं आणि तिथून पुढची रात्र सिद्धांत स्वतः बसणार होता. उरला पाडवा, सकाळी सात ते संध्याकाळी सात; त्यानंतर रात्रपाळी परत येणार होती.

"पाडव्याला मी येते," स्वप्नाली म्हणाली. त्या दिवसांत ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. "माझ्या पत्राचा प्रश्न आहे."

"यशराज कधी पोचतोय?"

तिनं मोज्यांचं पाकीट उगाच उलटसुलट केलं. "पाडव्यालाच. सकाळची गाडी. चार दिवसांची रजा."

"मग तू घरी थांब."

"आणि लाईट गेली तर? तुम्हाला ते बटन कुठंय ते तरी माहिताय का?"

"दाखव."

तिनं दाखवलं. लाल दिवा लागला की आधी इथे, मग दहा मोजायचे, मग इथे. माझ्याकडून चार वेळा करून घेतलं. चौथ्या वेळी मी आठच मोजले तर म्हणाली, "दहा, काकू. जपात पण असंच करता का?" आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तिला थोडं हसू आलं. ते लपवायला ती वळली.

"सहाशेच्या खाली जाऊ देणार नाही," मी तिच्या पाठीला सांगितलं. "तुला शब्द देते."

"मारुतकाकांना पण दिला होतात."

"हो," मी म्हणाले. "दिला होता."

तिनं वळून बघितलं. मग मोज्यांचं नवं पाकीट कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं आणि त्यावर मार्करनं लिहिलं, 'काकू, पाडवा.'

पाडव्याला मी साडेचारला उठले. स्नान, तुळस, पूजा, माळ. एकशे आठ, एकही कमी नाही. पद्माकर पाटावर बसले तेव्हा बाहेर नुकतं उजाडत होतं आणि रात्रीच्या फटाक्यांचा धूर अजून गल्लीत अडकलेला होता.

मी त्यांना ओवाळलं आणि मौन सोडलं. ते म्हणाले, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच एवढ्या पहाटे ओवाळलं गेलो. ओवाळणी संध्याकाळी दिली तर चालेल का? पाकीट अजून झोपलंय."

"चालेल. दुपारचं जेवण झाकून ठेवलंय. चकल्या वरच्या डब्यात."

"लाईट गेली तर फोन कर."

"लाईट गेली तर मला वेळ नसेल."

ते "बरं" म्हणाले. आत जाऊन माझी शाल घेऊन आले, कारण भट्टीची खोली गरम असली तरी बाहेरच्या बाकड्यावर गार वारा लागतो, हे मी कधीतरी बोलले होते.

बेसिनपाशी मी हात धुतले. निरांजनाचं तूप, कुंकू, हळद. साबणानं एकदा, मग साध्या पाण्यानं तीनदा. वर मोजे घालायचेच होते, तरी धुतले. अंगठी काढून देवापुढे ठेवली. बांगड्या सहसा काढत नाही, त्या कोपरापर्यंत सारून वर रुमाल बांधला. अनामिकेच्या वाकड्या पेराशी थोडं कुंकू अडकलं होतं, ते नखानं काढलं आणि परत धुतलं.

मोबाइलवर सिद्धांतचा संदेश आला होता, 'सातशे दहा. सगळं ठीक. रात्री दोनदा गेली, दोनदा आली.' खाली स्वप्नालीचा, नुसता एक आकडा: '१०'.

मी डबा आणि शाल पिशवीत ठेवली, चप्पल घातली, आणि दार हळूच ओढून घेतलं. कोपऱ्यावर एक ई-रिक्षा उभी होती. त्याला म्हणाले, "भैया, सात बजे से पहले पहुँचना है," आणि बसले.